अक्षराचा पाय मोडेना

गेल्या पावसाळ्यात एक लेख अर्ध्यावर आलेला असताना माझ्या लॅपटॉपवर अक्षरांचे पाय मोडेनासे झाले. मी इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टाइप करते. त्यात इंग्रजी डीच्या बटणावर हलन्त असतो. ‘मुख्य’ लिहायला जावं तर ‘मुखय’ उमटे, ‘शब्द’चं ‘शबद’ होई. ‘प्रकार’ मात्र नीट येत होता, ‘ज्ञान’ आणि ‘क्षण’ही येत होते. विंडोजच्या इनस्क्रिप्टमध्ये रफारासारखे काही तुकडे आणि ज्ञ, क्ष, त्र, श्र ही जोडाक्षरं आकड्यांच्या रांगेत शिफ्टसह स्वतंत्र बसवलेली आहेत, त्यांना डीची गरज पडत नाही. मग लक्षात आलं की ‘अ’सुद्धा गेलाय, कारण तो त्याच बटणावर शिफ्टसह असतो. इंग्रजीवर गेले, तर तिथे डी नाही. दोन मिनिटांत एवढं कळलं की फॉन्ट शाबूत आहे, मराठीची मांडणी शाबूत आहे आणि दुखणं त्या एका बटणाखाली आहे.

दुकानात गेल्यावर लॅपटॉप उघडायच्या आधीच उत्तर मिळालं: “कीबोर्ड बदलावा लागेल.” असंच उत्तर माझ्या ओळखीच्या अनेकांना मिळालेलं आहे. काहींच्या बाबतीत ते खरंही होतं. पण काहींच्या लॅपटॉपमध्ये बिघाड नव्हताच, नुसती एक सोय चुकून चालू झाली होती, आणि त्यांनीही कीबोर्डाचे पैसे मोजले. म्हणून हा सगळा विषय एकदा नीट पाहावासा वाटला. आपण विचारतो, “बटण का चालत नाही?” खरं तर आधी “कुठे अडलंय?” हे विचारायला हवं. बोटापासून पडद्यावरच्या अक्षरापर्यंत चार-पाच टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्यावरचा बिघाड वेगळी खूण ठेवतो.

आधी बटणाच्या पोटात काय असतं ते पाहू. वरची प्लॅस्टिकची टोपी काढली की खाली दोन बारीक चौकटी एकमेकींत कात्रीसारख्या अडकवलेल्या दिसतात. टोपीच्या कुठल्याही कोपऱ्यावर बोट पडलं तरी ती सरळच खाली जावी, एवढंच या कात्रीचं काम. तिच्या मधोमध रबराची छोटी घुमटी असते. बोटाला जो हलका ‘टक्’ जाणवतो आणि बटण उसळी घेऊन वर येतं, ते या घुमटीमुळे. घुमटीखाली पातळ प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चांदीमिश्रित शाईने छापलेल्या वाहक रेषा असतात आणि मधला पापुद्रा त्यांना एकमेकींपासून दूर ठेवतो. मधल्या पापुद्र्याला प्रत्येक बटणाखाली एक भोक असतं. घुमटी दबली की वरचा पापुद्रा त्या भोकातून खालच्याला टेकतो, दोन रेषा जुळतात आणि सर्किट पुरं होतं. हे सगळं एक-दीड मिलिमीटरच्या हालचालीत घडतं. टेबलावरच्या साध्या कीबोर्डला त्यासाठी चारेक मिलिमीटरची मोकळीक असते. लॅपटॉपला ती नसल्यामुळेच रव्याचा एक कण त्याला पुरतो.

त्यामुळे बोटाला काय जाणवतं याकडे नीट लक्ष द्यावं. बटण खाली जाऊन वरच येत नसेल, तर चिकटपणा किंवा तुटलेली कात्री. एका बाजूला कलत असेल, तर टोपीचा आकडा किंवा कात्रीचा खुंटा निसटलेला. कण अडकला असेल तर दाबताना बारीकसं करकरतं. घुमटी फाटली असेल तर बटण मऊ पडतं, ‘टक्’ येतच नाही. आणि सगळं नेहमीसारखं जाणवूनही अक्षर उमटत नसेल, तर दोष पापुद्र्यात किंवा त्याच्याही पुढे. माझा डी या शेवटच्या जातीचा होता.

आता पापुद्र्यांवरच्या रेषा. प्रत्येक बटणाला स्वतःची तार नसते. आडव्या आणि उभ्या रेषांचं जाळं असतं आणि प्रत्येक बटण म्हणजे त्या जाळ्यातला एक छेद. ८ आडव्या आणि १६ उभ्या रेषा धरल्या, तर २४ वाटांत १२८ बटणं बसतात. आतली एक छोटी चिप या रेषा सेकंदाला शेकडो वेळा तपासत राहते आणि कुठला छेद जुळला ते ओळखते. त्यामुळे एकच रेष तुटली तर एकमेकांशी काही संबंध नसलेली तीन-चार बटणं एकदम जातात. माझ्या भाच्याचे एकदा एक अक्षर, एक आकडा आणि एक बाण एकाच दिवशी बंद पडले. बटणं कीबोर्डाच्या तीन कोपऱ्यांत, त्यामुळे व्हायरस आला असंच घरच्यांना वाटलं. अशा वेळी टोप्या काढून साफसफाई करण्यात काही हशील नसतं. एक तर पापुद्र्यावरची रेष गेलेली असते, नाहीतर कीबोर्डापासून मदरबोर्डाकडे जाणारी चपटी पट्टी सॉकेटात सैल झालेली असते. पट्टी काढून, तिचं टोक पुसून, पुन्हा सरळ बसवून कुलूपपट्टी दाबली, एवढ्यावर कीबोर्ड जिवंत झालेले मी पाहिले आहेत. आधी कोणी रॅम किंवा पंख्यासाठी लॅपटॉप उघडला असेल, तर हा संशय पहिला घ्यावा.

याच जाळ्यामुळे होणारी आणखी एक गोष्ट बिघाड समजली जाते. खेळताना तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं उमटत नाही. ते बटण एकटं दाबल्यावर चालत असेल, तर काही बिघडलेलं नाही. साध्या कीबोर्डाची ती मर्यादाच आहे.

सॉफ्टवेअरच्या बाजूबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे, कारण विनाकारण पैसे इथेच जातात. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून धरलं की ‘फिल्टर कीज’ चालू करू का असं विचारलं जातं. विचार करताना बोट शिफ्टवर राहिलं आणि नंतर सवयीने एंटर दाबलं, तर ती सोय चालू होते. ज्यांच्या हाताला कंप आहे त्यांच्यासाठी ती फार मोलाची आहे, कारण बोटाचे ओझरते धक्के ती मोजत नाही. पण माहीत नसलेल्या माणसाला पूर्ण कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो, बटण बराच वेळ दाबून धरलं तरच अक्षर येतं. शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबलं की ‘स्टिकी कीज’ विचारते, तिचा घोटाळा आणखी वेगळा. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली कीबोर्ड हे पान उघडून दोन्ही बंद आहेत ना हे पाहायला एक मिनिट लागतं.

आकड्यांची वेगळी पट्टी नसलेल्या जुन्या लॅपटॉपांवर नम लॉक चालू झालं की यू, आय, ओच्या जागी ४, ५, ६ आणि जे, के, एलच्या जागी १, २, ३ उमटतात. पासवर्ड चुकतोय म्हणून हैराण झालेल्या एकाचा प्रश्न एवढाच निघाला होता. शिफ्टसह २ दाबल्यावर ॲटऐवजी अवतरणचिन्ह येत असेल, तर भाषा ‘इंग्लिश (युनायटेड किंगडम)’ झालेली आहे, ती ‘इंग्लिश (इंडिया)’ करावी. आपल्यासारख्या दोन-तीन लिप्यांत काम करणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं. विंडोज बटणासह स्पेस दाबला की मांडणी बदलते, आणि घाईत स्पेस दाबताना बोट शेजारी गेलं की आपल्या नकळत ती बदलून जाते.

सगळ्यात घाबरवणारा प्रकार म्हणजे विंडोजचंच बटण आत अडकून बसणं. मग ई दाबला की फायलींची खिडकी उघडते, डी दाबला की सगळ्या खिडक्या खाली जातात, एल दाबला की स्क्रीन लॉक होतो. कोणीतरी दुरून लॅपटॉप चालवतंय असं माणसाला वाटतं. कंट्रोल अडकलं की असाच गोंधळ वेगळ्या रूपात होतो. ही बटणं चारदोन वेळा जोरात दाबून सोडली की बऱ्याचदा सुटतात.

दोष यंत्रात आहे की प्रणालीत, हे ठरवायची माझ्या मते सर्वांत भरवशाची चाचणी म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी ते बटण तपासणं. लॅपटॉप चालू होताना एफ२ किंवा त्या कंपनीने ठरवलेलं बटण दाबून बायॉसमध्ये जावं आणि संशयित बटण तिथे चालतं का ते पाहावं. बाणांची बटणं, एंटर, एस्केप तिथे लगेच कळतात, आणि पासवर्डचा रकाना असला तर अक्षरंही. तिथेही बटण मुकं असेल तर विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये. तिथे चालत असेल तर कीबोर्ड बदलू नये. दुसरी चाचणी यूएसबी कीबोर्ड जोडण्याची. बाहेरच्या कीबोर्डावरही तेच अक्षर अडलं तर दोष नक्की प्रणालीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कीबोर्डाची नोंद काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला की ड्रायव्हर नव्याने बसतो. तिथे नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्येही ‘पीएस/२’ हे जुन्या काळातलं नाव दिसलं तर दचकू नये. आतला कीबोर्ड बऱ्याच लॅपटॉपांत अजून त्याच जुन्या पद्धतीने बोलतो.

पासवर्डातलंच अक्षर गेलं म्हणून दारातच अडलेल्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. लॉगिनच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं. त्यातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो आणि माऊसने पासवर्ड टिपता येतो.

एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा पडणं, दुरुस्तीवाल्यांच्या बोलीत ‘डबल मारणं’, हे दुखणं यंत्र आणि प्रणाली यांच्या सीमेवरचं आहे. दोन वाहक पृष्ठं टेकतात तेव्हा क्षणभर थरथरतात, जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. चिप काही मिलिसेकंद थांबून ही थरथर गाळून टाकते. जागा झिजली किंवा घाण झाली की थरथर लांबते आणि चिपला ते दोन वेगळे दाब वाटतात. इथे मघाची फिल्टर कीज ही सोयच मदतीला येते. लागोपाठचे झटपट दाब सोडून द्यायला तिला सांगता येतं, आणि नवा कीबोर्ड येईपर्यंत काम निभावतं.

आता घाण आणि ओल. धूळ-कणांसाठी लॅपटॉप बंद करून, जवळजवळ उभा तिरका धरून, हवेचा झोत एका बाजूकडून दुसरीकडे मारावा आणि लॅपटॉप फिरवून पुन्हा तसंच करावं. हवेचा डबा वापरत असाल तर डबा सरळ धरावा, तिरका झाला की आतला गार द्रव बाहेर उडतो. चिकटपणा असेल तर टोपी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने, म्हणजे दुकानातल्या ‘आयपीए’ने, बोळा नुसता ओलसर करून पुसावं. पाणी किंवा घरातलं काच पुसायचं औषध वापरू नये.

टोपी काढणं हे धीराचं काम आहे. स्क्रूड्रायव्हरने उचकटली की कात्रीचे केसाएवढे खुंटे तुटतात, आणि मूळ दोषापेक्षा हा दोष मोठा होऊन बसतो. नख किंवा प्लॅस्टिकची पातळ पट्टी कोपऱ्यात सरकवून एकेक आकडा सोडवावा. कुठल्या बाजूने काढायचं ते मॉडेलागणिक बदलतं, म्हणून आधी फारसं न लागणाऱ्या बटणावर हात बसवून घ्यावा. स्पेस, एंटर आणि शिफ्टखाली तोल सांभाळणारी धातूची तार असते, ती वाकली तर बटण कायमचं एका कुशीवर राहतं. कात्रीच तुटली असेल तर त्याच मापाचं एखादं बिनकामाचं बटण, बहुधा उजवं ऑल्ट किंवा मेन्यूचं, बळी देऊन त्याची कात्री इथे बसवता येते. जुन्या बाजारात सुट्या टोप्या-कात्र्याही मिळतात, फक्त आकड्यांची ठेवण तंतोतंत जुळायला हवी.

चहा सांडला की वेगाला फार महत्त्व आहे. पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप ताबडतोब बंद करावा, चार्जर काढावा, आणि लॅपटॉप उघडा ठेवून तंबूसारखा पालथा घालावा, म्हणजे चहा खाली मदरबोर्डाकडे जाण्याऐवजी आल्या वाटेने परतेल. गरम हवेचा ड्रायर लावू नये, तांदळात ठेवू नये. तांदळाने आतलं दूध आणि साखर निघत नाही, उलट पीठ मात्र आत जातं. नुसतं पाणी वाळून जातं. साखरेचा पापुद्रा मागे राहतो, हवेतली ओल धरून ठेवतो, आणि वीज चालू असताना त्या ओलीतून चांदीच्या रेषांमधले कण हळूहळू शेजारच्या रेषेकडे सरकत जातात. म्हणून चहा सांडल्यावर चार दिवस सगळं छान चालतं आणि पाचव्या दिवशी बटणं भलतंसलतं उमटवायला लागतात. त्या चार दिवसांवर विसंबू नये. कोकणात किंवा मुंबईच्या किनारी भागात तर काही न सांडताही पावसाळ्यात ही ओल त्रास देते.

आणि एक गोष्ट जीवावर बेतणारी. मधली बटणं अचानक उचलल्यासारखी वाटत असतील, टचपॅड दबत नसेल, किंवा झाकण मिटल्यावर फट राहत असेल, तर कीबोर्ड विसरा. खालची लिथियम बॅटरी वायूने फुगलेली असू शकते. चार्जिंग त्याच क्षणी बंद करावं, लॅपटॉप दाबून बंद करायचा प्रयत्न करू नये, बॅटरीला टोचू नये, आणि तो जाणकाराकडे न्यावा.

बटण एवढं नाजूक का झालं, याचं उत्तर लॅपटॉप पातळ करण्याच्या शर्यतीत आहे. तिचा सगळ्यात मोठा धडा ॲपलने २०१५ साली १२ इंची मॅकबुकमध्ये आणलेल्या ‘बटरफ्लाय’ कीबोर्डाने दिला. कात्रीऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखी रचना, बटणाची हालचाल जेमतेम अर्धा मिलिमीटर. २०१६ पासून ती मॅकबुक प्रोमध्येही गेली. धुळीचा एक कण आत गेला की बटण मुकं व्हायचं किंवा डबल मारायचं, आणि एकटं बटण बदलायची सोय नाही. वरचा अख्खा भाग बॅटरीसकट बदलावा लागे. २०१८ मध्ये बटणांखाली सिलिकॉनचा पडदा घातला गेला, त्याच वर्षी जूनमध्ये खरेदीपासून ४ वर्षांपर्यंत फुकट दुरुस्तीची योजना जाहीर झाली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची मॅकबुक प्रोवर कात्री परत आली. २०२२ साली अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात कंपनीने ५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. अर्ध्या-एक मिलिमीटरची जाडी वाचवायला एवढी किंमत पडली.

ॲपलने रचना मागे घेतली, पण अख्खा भाग बदलण्याची रीत सगळीकडे राहिली. जुन्या थिंकपॅडचा कीबोर्ड खालचे एक-दोन स्क्रू काढले की सुटून हातात येई, आणि सांडलेलं पाणी वाहून जायला त्यात नळ्या ठेवलेल्या असत. आज अनेक लॅपटॉपांत कीबोर्ड हा ‘सी पॅनेल’ला, म्हणजे आपण मनगट टेकवतो त्या वरच्या तबकडीला, प्लॅस्टिकच्या बारीक खिळ्यांनी वितळवून जोडलेला असतो. कंपनीकडे गेलं तर पूर्ण पॅनेल बदलतात. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलं तर कारागीर ते खिळे पटाशीने उडवतो, सुटा कीबोर्ड घालतो आणि उरलेली टोकं सोल्डरिंगच्या इस्त्रीने पुन्हा वितळवून बसवतो. ओरिजिनल हवा की कंपॅटिबल, हा प्रश्न तिथे आधी येतो. कंपॅटिबल स्वस्त असतो, पण बटणांच्या खालचा दिवा, एंटरचा आकार आणि पट्टीची लांबी जुळते का, हे जुना कीबोर्ड शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वॉरंटी शिल्लक असेल तर तिथे लॅपटॉप उघडू देऊ नये, आधी कंपनीकडे जावं.

कीबोर्ड हा झिजणारा भाग आहे. सायकलच्या टायरइतकाच. तो बदलता यावा अशा बेताने लॅपटॉप घडवायला हवा, असं मला मनापासून वाटतं, आणि ते अशक्य नाही. २०२१ मध्ये आलेल्या फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉपचा कीबोर्ड मालकाला घरी बदलता येतो. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात कंपन्यांनी दुरुस्तीची, सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. माहिती देणं आणि भाग हाती मिळणं यात अजून अंतर आहे, आणि ते ग्राहकाने मागत राहिल्याशिवाय कमी होणार नाही.

माझ्या डीचं काय झालं? कारागिराने माझ्या आग्रहाखातर टोपी काढली, घुमटीखाली आयपीए फिरवलं. चार दिवस पाय मोडत राहिले, मग पुन्हा थांबले. रेषच झिजली होती. भाग यायला दोन आठवडे लागणार होते. तेवढ्यासाठी मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे फुकट साधन घेतलं आणि त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये एस्केपच्या खालचं बटण डी म्हणून नेमलं. इनस्क्रिप्टमध्ये त्या बटणावर मराठीला न लागणारी खूण असते, त्यामुळे माझं काहीच अडलं नाही. पहिला दिवस फार हळू गेला. तिसऱ्या दिवशी ‘स्वातंत्र्य’ न थांबता लिहिता आलं.

नवा कीबोर्ड बसून आता तीन महिने झाले. डी ठणठणीत आहे. तरी लिहिण्याच्या ओघात जोडाक्षर आलं की करंगळी अजून वरच्या डाव्या कोपऱ्याकडे जाते, म्हणून ती नेमणूक मी काढलेली नाही. आज माझ्या लॅपटॉपवर अक्षराचा पाय दोन ठिकाणी मोडता येतो.